नाशिकमध्ये छोटा उद्योग सुरू करताना : संधी कशी शोधावी आणि कशी पारखावी

नाशिकमध्ये स्वतःचे काही सुरू करू पाहणाऱ्याला सल्ल्यांची कमतरता कधीच भासत नाही. द्राक्षे आहेत, कांदा आहे, कारखाने आहेत, देवस्थाने आहेत, मुंबई आणि पुणे हाताशी आहेत, शिवाय सिंहस्थ आहे, तेव्हा इथे धंद्याला काय तोटा, असे कोणीही सांगून जातो. यातले काहीही खोटे नाही. परंतु ही यादी म्हणजे मागणीची यादी आहे, संधीची नव्हे. मागणी सगळ्यांनाच दिसते. ती आपल्यासाठी संधी आहे की नाही, हे मात्र माल किंवा सेवा घेणारा नेमका कोण, तो पैसे किती दिवसांनी देतो आणि तोपर्यंत आपली किती रक्कम अडकून राहते, यावर ठरते. पुढील टप्पे याच दृष्टीने मांडले आहेत. उत्पादन, प्रक्रिया किंवा सेवा यांपैकी कशातही पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसाने ते शक्यतो याच क्रमाने घ्यावेत, कारण बहुतेक जण सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून, म्हणजे गाळा घेण्यापासून करतात.

पहिला टप्पा : मागणी कोठून येते ते पाहणे

नाशिकची मागणी मुख्यतः तीन ठिकाणांहून येते आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिले ठिकाण कारखान्यांचे. सातपूर आणि अंबड या जुन्या औद्योगिक वसाहती आता जवळजवळ भरल्या आहेत, त्यामुळे वाढ सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी या बाजूंना सरकते आहे. महिंद्राचा वाहननिर्मितीचा कारखाना, डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेचे भाग बनवणारी बॉश, विजेची उपकरणे बनवणाऱ्या एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन यांसारख्या कंपन्या आणि ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, यांच्याभोवती सुट्या भागांचे मोठे जाळे वर्षानुवर्षे विणले गेले आहे. नवख्या माणसाला वाटते की आपण यांपैकी एखाद्या मोठ्या कंपनीचा व्हेंडर व्हावे. प्रत्यक्षात थेट व्हेंडर होण्यासाठी नमुने मंजूर करून घ्यावे लागतात, कारखान्याची तपासणी होते, वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ सारख्या गुणवत्ता प्रमाणपत्राची अपेक्षा असते आणि या सगळ्यात बराच काळ निघून जातो. म्हणून सुरुवात व्हेंडरच्या व्हेंडरपासून होते. ज्याच्याकडे मोठ्या कंपनीचे काम आहे, पण एखादी प्रक्रिया, उदाहरणार्थ ड्रिलिंग, टॅपिंग, डिबरिंग, वेल्डिंग किंवा छोटे प्रेसचे काम, बाहेरून करून घ्यावी लागते, असा मध्यम कारखानदार हा नव्या माणसाचा खरा पहिला ग्राहक असतो.

याच कारखान्यांची आणखी एक गरज आहे, जिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. ती उत्पादनाची नसून उत्पादन चालू ठेवण्याची आहे. लाकडी पॅलेट आणि खोकी, गेज आणि मोजमापाच्या साधनांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), जुन्या यंत्रांची दुरुस्ती, हायड्रॉलिक पाइप, कामगारांचे गणवेश, कँटीनचा पुरवठा, सुट्या भागांसाठी प्लास्टिकचे ट्रे, अशी ही कामे आहेत. यांत झगमगाट नाही. पण मॉडेल बदलले तरी पॅलेट लागतच राहते, आणि एकाच वसाहतीत असे अनेक ग्राहक मिळत असल्याने एकाच दारावर अवलंबून राहावे लागत नाही. माझ्या मते, यंत्रात मोठी गुंतवणूक करण्याची ऐपत नसलेल्यांनी आधी इकडे पाहावे.

दुसरे ठिकाण शेतीचे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षे, लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. संधी मात्र पिकात कमी आणि पिकाभोवती जास्त असते. कांद्याला जाळीच्या गोण्या लागतात, द्राक्षाला कोरुगेटेड बॉक्स, पनेट (छोटे प्लास्टिकचे डबे), प्लास्टिक क्रेट आणि पूर्वशीतकरणाची, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करण्याची, सोय लागते. पॅकहाउसमधील, म्हणजे माल निवडून भरण्याच्या शेडमधील, शीतयंत्रणा ऐन हंगामात बंद पडली तर दुरुस्त करणारा माणूस त्याच दिवशी हजर व्हावा लागतो. ठिबकची दुरुस्ती, फवारणी यंत्रांची देखभाल, माती आणि पाण्याची तपासणी, बेदाण्याचे शेड आणि त्यासाठीची जाळी, ही सगळी पैसे देऊन करून घेतली जाणारी कामे आहेत. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रक्रिया आणि निर्यात प्रकल्प उभा केला, तेव्हापासून या भागातील शेतकऱ्यांची गुणवत्तेची भाषाही बदलत गेली आहे, आणि जो त्या भाषेत बोलू शकतो त्याला दार लवकर उघडते.

तिसरे ठिकाण यात्रेकरू आणि पर्यटकांचे. त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि रामकुंड, वणीची सप्तशृंगी ही बारमाही देवस्थाने आहेत आणि शिर्डीला जाणारा भाविक अनेकदा नाशिकमार्गे जातो. त्याशिवाय गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळे आणि वायनरी पाहायला मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणारा वर्ग वेगळा आहे. भाविक आणि वायनरीचा पाहुणा यांच्या गरजा, खर्चाची तयारी आणि येण्याचे दिवस यांत काहीही साम्य नाही, तरी अनेक जण ‘पर्यटन’ या एका शब्दाखाली दोघांनाही बसवतात आणि मग धड कोणालाच भावत नाही असे काहीतरी उभे करतात.

शहराची स्वतःची मागणी, म्हणजे सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड येथील वस्तीला लागणाऱ्या सेवा, ही इतर कोणत्याही वाढत्या शहरासारखीच आहे. तीत उतरायचे असेल तर भाडे आणि स्पर्धा यांचा हिशेब करावा, एवढे येथे पुरे.

दुसरा टप्पा : वर्षाचे गणित मांडणे

आपण ज्या मागणीकडे पाहतो आहोत ती वर्षातून किती महिने जिवंत असते, हे बारा रकाने आखून लिहून काढावे. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, साधारण ऑक्टोबरच्या आसपास होते, तोडणी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालते आणि त्यानंतर नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी येते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघून चाळीत जातो आणि पुढे पावसाळाभर थोडा थोडा बाजारात येत राहतो, त्यानंतर खरीप आणि रांगडा कांदा येतो. म्हणजे द्राक्षाच्या खोक्यांचा व्यवसाय करणाऱ्याचे पैसे चार महिन्यांत येतात, मात्र यंत्राचा हप्ता बारा महिने जातो. त्याने उरलेल्या आठ महिन्यांत त्याच यंत्रावर कोणाची खोकी बनवायची, याचे उत्तर यंत्र घेण्याआधी शोधायला हवे. अंबडमधील विजेच्या उपकरणांचे कारखाने, चिवड्याचे आणि मिठाईचे उत्पादक, औषधांच्या कंपन्या अशी उत्तरे मिळू शकतात. परंतु त्यांना लागणारा कागद, जाडी आणि छपाई वेगळी असते, हेही तेव्हाच कळते.

देवस्थानांचे गणित तिथीवर चालते. त्र्यंबकला श्रावणी सोमवार आणि पौषातील निवृत्तिनाथांची यात्रा, वणीला चैत्रोत्सव आणि शारदीय नवरात्र, हे गर्दीचे काळ आहेत. कारखान्यांकडेही हंगाम असतोच. दिवाळीच्या सुट्ट्यांत उत्पादन थांबते, मार्चअखेर माल उचलण्याची घाई होते, आणि एप्रिलमध्ये अनेकदा अचानक शांतता पसरते.

सिंहस्थाबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा भरतो. मागचा २०१५ मध्ये झाला आणि आताचा २०२६-२७ चा आहे, ज्याची प्रमुख स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. या काळात रस्ते, घाट, तंबू, स्वच्छता, पाणी, भोजन, निवास, फलक, वाहतूक अशा असंख्य गोष्टींची मागणी निर्माण होते आणि तिचा मोठा भाग सरकारी निविदांमधून जातो. छोट्या उद्योगाला मुख्य कंत्राट मिळण्याची शक्यता कमी. उपकंत्राट मिळू शकते, पण तेथे पैसे मुख्य कंत्राटदाराला मिळाल्यानंतरच खाली झिरपतात. म्हणून सिंहस्थासाठी जे काही घ्यायचे ते भाड्याने घ्यावे किंवा असे घ्यावे जे नंतरही आपल्या नेहमीच्या कामात लागेल. भांडी, फिरती स्वच्छतागृहे, जनरेटर, खुर्च्या यांत पैसे घालणाऱ्याने २०२८ मध्ये ही सामग्री कोणाच्या लग्नात, कोणाच्या सभेत जाणार आहे, याचा विचार आजच केलेला असावा.

तिसरा टप्पा : पैसे कोण देणार आणि कधी देणार

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून येथे एक हिशेब सविस्तर मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत.

समजा, अंबडमध्ये एकाने पत्र्याचे ब्रॅकेट बनवून देण्याचे काम घेतले. महिन्याला चार लाख रुपयांचा माल जातो. कच्चा माल २ लाख २० हजार, मजुरी ६० हजार, गाळ्याचे भाडे २५ हजार, वीज २० हजार, असा एकूण ३ लाख २५ हजार रुपयांचा खर्च येतो आणि कागदावर महिन्याला ७५ हजार रुपये सुटतात. पत्रा रोखीने घ्यावा लागतो, कारण नव्या माणसाला व्यापारी उधारी देत नाही. पत्रा आल्यापासून माल तयार होऊन जाईपर्यंत १५ दिवस, ग्राहकाच्या गेटवर तपासणी होऊन बिल खात्यात चढेपर्यंत १० दिवस आणि त्यानंतर पेमेंटची मुदत ६० दिवस, असे एकूण ८५ दिवस होतात. सोपेपणासाठी सगळा खर्च आरंभीच होतो असे धरले, तर तेवढे दिवस त्याला खर्च स्वतःच्या खिशातून चालवावा लागतो, म्हणजे कोणत्याही क्षणी सुमारे ९ लाख २० हजार रुपये बाहेर अडकलेले असतात. ही रक्कम बारा टक्के व्याजाने आणली असेल तर महिन्याला नऊ हजारांहून अधिक केवळ व्याजात जातात.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. बिलावर १८ टक्के दराने ७२ हजार रुपये जीएसटी लागतो. कच्च्या मालावर भरलेल्या ३९ हजार ६०० रुपयांची वजावट मिळाली तरी ३२ हजार ४०० रुपये पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करावे लागतात. एप्रिलच्या बिलाचा कर मेमध्ये गेला आणि ग्राहकाकडून तो कर धरून पैसे आले जुलैमध्ये, अशी ही स्थिती असते. त्यात एखादा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, तर त्या महिन्याचा नफा संपलाच. यंत्राच्या किमतीसाठी कर्ज काढणारे अनेक असतात. मात्र हे सव्वानऊ लाख कोठून येणार याचा विचार न करणारेही तितकेच असतात, आणि ऑर्डर हातात असताना बंद पडलेले उद्योग बहुधा येथेच अडखळलेले असतात.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे सुरुवातीला लेबर जॉब घेणे, म्हणजे कच्चा माल ग्राहकाचा आणि आपण फक्त प्रक्रियेची मजुरी लावायची. यात नफ्याची रक्कम कमी दिसते, पण अडकणारी रक्कम वरील उदाहरणाच्या एक तृतीयांशाहूनही खाली येते. दुसरा उपाय कायद्याने दिलेला आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. आयकर कायद्यातही अशी तरतूद झाली की ही मुदत ओलांडून थकवलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात वजा करता येत नाही. ती प्रत्यक्ष दिल्यावरच वजा होते. या तरतुदीनंतर मार्चअखेर थकबाकी मोकळी करण्याची निकड अनेक कंपन्यांच्या लेखा विभागांत दिसू लागली. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यासाठी आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी नाही, हे लक्षात ठेवावे.

कायदा असला तरी नवा पुरवठादार पहिल्याच वर्षी ग्राहकाविरुद्ध तक्रार करत नाही, हे वास्तव आहे. म्हणून काम घेण्याआधी चौकशी करणे अधिक उपयोगाचे. त्याच कंपनीला माल देणाऱ्या दोन-तीन जणांना चहाला बोलावून ‘पेमेंट किती दिवसांत सोडतात?’ एवढे विचारावे आणि ‘डेबिट नोट किती येतात?’, म्हणजे बिलातून रक्कम किती वेळा कापली जाते, हेही विचारावे. नाशिक इंडस्ट्रीज अँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे निमा, आणि अंबडची आयमा या संघटनांच्या बैठकींना जाण्याचा खरा फायदा भाषणांमध्ये नसून अशा माहितीत आहे. ग्राहक मोठा असेल तर तो ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर आहे का हे पाहावे. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक केले आहे आणि ग्राहकाने बिल तेथे स्वीकारले तर बँकांकडून मुदतीआधी पैसे मिळू शकतात.

चौथा टप्पा : नोंदणी आणि कर, संधीच्या दृष्टीने

नोंदण्यांकडे कटकट म्हणून पाहिले जाते. खरे तर कोणती नोंदणी आहे यावर कोणता ग्राहक आपल्याकडे येऊ शकतो हे ठरते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर, सरकारी संकेतस्थळावर, विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, तर २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघू मानला जातो. ही नोंदणी पहिले बिल फाडण्याआधी करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा, म्हणजे थकबाकीच्या प्रसंगी वाद राहत नाही. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के आणि महिला उद्योजकांसाठी तीन टक्के धरलेले आहेत. ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडची चलनी नोटांची व प्रतिभूती छपाईची मुद्रणालये हे असे घरचेच ग्राहक आहेत, त्यामुळे जेम या सरकारी खरेदी मंचावर नाव नोंदवून त्यांच्या निविदा वाचत राहाव्यात.

जीएसटीमध्ये मालाच्या विक्रीसाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. वर सांगितलेला लेबर जॉब कराच्या भाषेत सेवा ठरतो, तेव्हा त्याला २० लाखांची मर्यादा लागू होते. ही गोष्ट अनेकांना नोटीस आल्यावर कळते. दीड कोटींपर्यंतच्या उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना एक टक्का कर भरून कंपोझिशन योजनेत राहता येते. ग्राहक घरगुती असेल, म्हणजे पापड, मसाले, चिवडा असे काही थेट विकायचे असेल, तर ही योजना सोयीची आहे. मात्र कारखान्याला माल द्यायचा असेल तर तिचा उपयोग नाही, कारण कंपोझिशनवाल्याच्या बिलावर ग्राहकाला कराची वजावट मिळत नाही, आणि परराज्यात माल विकण्यासही या योजनेत मनाई आहे. आपला ग्राहक कोण हे आधी ठरवून मग करयोजना निवडावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, आणि ज्या प्रक्रियेतून सांडपाणी वा धूर निघतो तिच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. प्लेटिंगसारख्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कामात ही संमती आणि सांडपाण्याची व्यवस्था हाच मोठा खर्च असतो. त्यामुळे प्लेटिंग करणारे थोडे आणि काम जास्त, अशी स्थिती कोठे आढळली तर त्यामागचे कारण आधी समजून घ्यावे. कामगारांची संख्या दहावर गेली की राज्य कामगार विमा आणि वीसवर गेली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो.

पाचवा टप्पा : ज्यावर आपला ताबा नाही अशा गोष्टी

कांद्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क राहिले, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण काढले गेले. दोन वर्षांच्या आत एवढे बदल झाले. बातम्यांमध्ये शेतकरी आणि ग्राहक दिसले; पण निर्यातीच्या मापाच्या गोण्या भरून ठेवलेला पुरवठादार, प्रतवारीचे यंत्र नुकतेच घेतलेला शेडवाला, न्हावा-शेवा बंदराला गाड्या लावणारा छोटा वाहतूकदार, यांचे काम दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेने थांबले. एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर उभ्या असलेल्या व्यवसायाने किमान तीन महिन्यांचा स्थिर खर्च बाजूला ठेवावा, किंवा तेच यंत्र आणि तीच माणसे देशांतर्गत बाजारासाठी वापरता येतील अशी रचना सुरुवातीपासून करावी.

हवामानाचेही तसेच. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस आणि गारपिटीने निफाड भागातील बागांना झोडपले. तोडणीआधीच माल गेला तर खोकी, मजूर आणि गाड्या यांची मागणीही त्याच दिवशी नाहीशी होते.

काही वेळा मात्र संकटच नव्या कामाला जन्म देते. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले, माल अडकला आणि नाशिकच्या निर्यातदारांना व बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर अंश तपासणी अधिक काटेकोर झाली. नमुने गोळा करणे, प्रयोगशाळा, फवारणीच्या नोंदी ठेवणे, पॅकहाउसची प्रमाणपत्रे, सल्लासेवा यांना कायमची मागणी आली. नियम कडक होतात तेव्हा त्यांचे पालन करून देणाऱ्याची गरज वाढते, आणि ही गरज भाव पडला तरी टिकते.

तंत्रज्ञानाचा बदल सावकाश येतो, पण परत फिरत नाही. डिझेल इंजिनाच्या भागांवर नाशिकमधील कित्येक छोटे कारखाने उभे राहिले. विजेवरील वाहनांत नोझल, इंजेक्टर, इंधनपंप यांना जागाच नसते. ब्रॅकेट, वायर हार्नेस, बसबार, पत्र्याची आवरणे मात्र लागतात. आज नवे यंत्र घेणाऱ्याने ते एकाच भागासाठीचे खास यंत्र घ्यावे की व्हीएमसीसारखे (संगणकावर चालणारे मिलिंग-ड्रिलिंगचे यंत्र) अनेक कामांना चालणारे घ्यावे, याचा निर्णय या प्रकाशात करावा.

सहावा टप्पा : भांडवल आणि सरकारी योजना

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज व अनुदान मिळू शकते. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला दहा टक्के, विशेष गटाला पाच टक्के घालावा लागतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि मार्गदर्शन जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. योजनांच्या मर्यादा व मुदती बदलत असल्याने अर्जाच्या दिवशीची माहिती तेथूनच घ्यावी. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेवीच्या रूपात राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात वळते होते. म्हणून अनुदानातून खेळते भांडवल उभे करण्याचा बेत आखणे चूक ठरेल.

लहान रकमेसाठी मुद्रा योजना आहे. शिशू गटात ५० हजार, किशोर गटात पाच लाख, तरुण गटात दहा लाख आणि आधीचे तरुण गटाचे कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळते. बँकेत जाताना यंत्राच्या कोटेशनबरोबर वर दाखवल्यासारखा ८५ दिवसांचा हिशेब घेऊन जावे आणि मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तशी उचल करण्याची, मर्यादाही त्याच वेळी मागावी, कारण नंतर मागितली तर पहिल्या हप्त्यांची ओढाताण पाहून बँक हात आखडता घेते.

सातवा टप्पा : चाचणी

गाळा आणि यंत्र घेण्याआधी तीन महिने दुसऱ्याच्या जागेत काम करून पाहावे. सातपूर-अंबडमध्ये दुसऱ्या पाळीत रिकामे राहणारे यंत्र तासाच्या दराने मिळू शकते. खाद्यपदार्थ असेल तर परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या पद्धतीने माल बनवून घेता येतो. या काळात एका वहीत चारच गोष्टी रोज लिहाव्यात : किती माल गेला, किती परत आला, बिल कोणत्या तारखेला चढले आणि पैसे कोणत्या तारखेला आले. विक्रीचा आकडा समाधानकारक असूनही शेवटचे दोन रकाने एकमेकांपासून लांब जात असतील, तर ग्राहक बदलावा, यंत्र घेऊ नये.

माणसांची चाचणीही याच काळात होते. व्हीएमसी चालवणारा आणि सेटिंग जाणणारा कामगार सहज मिळत नाही, मिळाला तरी शेजारचा कारखाना थोडे अधिक पैसे देऊन त्याला नेतो. द्राक्षबागांत आणि पॅकहाउसमध्ये पेठ, सुरगाणा भागातील मजूर मोठ्या संख्येने येतात. होळीला आणि भातलावणीच्या दिवसांत ते गावी जातात, हे गृहीत धरूनच ऑर्डरच्या तारखा द्याव्यात.

आठवा टप्पा : जागा

जागेची निवड आता, म्हणजे ग्राहक ठरल्यावर करावी. कारखान्यांना दिवसाआड माल देणाऱ्याने अंबड-सातपूरच्या जवळ राहावे, भाडे जास्त पडले तरी टेम्पोचे फेरे वाचतात. मुंबई किंवा विदर्भाकडे माल पाठवणाऱ्याने सिन्नर आणि इगतपुरीकडे पाहावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आहे. या रस्त्याने जाणारी गाडी नाशिक शहरात शिरत नाही, त्यामुळे जुन्या महामार्गावरच्या गिऱ्हाइकावर ढाबा किंवा गॅरेज काढू पाहणाऱ्याने दोन-चार दिवस रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजाव्यात. पेठ, सुरगाणा यांसारख्या कमी विकसित तालुक्यांत राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील सवलती अधिक आहेत. तेथे कुशल माणूस आणि अखंड वीज मिळेल का, हे पाहून त्या सवलतींची किंमत ठरवावी.

औद्योगिक वसाहतीतील भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून (एमआयडीसी) दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. भूखंडधारकाने गाळा पोटभाड्याने देण्यासाठी महामंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि त्याचे शुल्क भरावे लागते. अनेक गाळे ही परवानगी नसताना दिले जातात. भाडे थोडे कमी असते, पण पुढे त्या पत्त्यावर स्वतंत्र वीजजोडणी, प्रदूषण मंडळाची संमती किंवा बँकेचे कर्ज मागताना अडचण येते. म्हणून परवानगीपत्राची प्रत पाहिल्याखेरीज अनामत देऊ नये. करार प्रथम अकरा महिन्यांचा, नूतनीकरणाचा दर लिहून घेतलेला असावा. गाळ्याचा मंजूर वीजभार किती आहे, तो वाढवायचा झाल्यास खर्च कोणी करायचा, जुन्या भाडेकरूची वीजबिलाची किंवा पाण्याची थकबाकी आहे का आणि टेम्पो गाळ्याच्या दारापर्यंत मागे घेता येतो का, हे चारही प्रश्न सही करण्याआधी विचारावेत, आणि पहिल्या तिन्हींची उत्तरे करारात लेखी घालून घ्यावीत.